पर्याय दुसरा : मानवी चूक

दिगंबर आवटेला चौतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत एकही मेमो मिळाला नव्हता. हे तो स्वतः कधी सांगत नसे, कारण त्याच्या आधी बायकोच सांगून मोकळी व्हायची. कोलकात्यातल्या मराठी माणसांत कुणाकडं हळदीकुंकू असो नाहीतर बारसं, शोभा चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणायची, "आमच्या ह्यांच्या सर्व्हिस बुकात लाल शाई नाही बरं का." ऐकणाऱ्या बायकांचे नवरे बँकेत, विम्यात, कुठं कुठं मोठ्या हुद्द्यांवर. त्या नुसत्या मान हलवायच्या. आपल्या नवऱ्याच्या बुकात काय आहे, हे कोण कशाला सांगंल?

गडी मूळचा भूम तालुक्यातला. बाप गावचा कोतवाल, म्हणजे सरकारी कागद उन्हातान्हात घरोघर पोचवणारा माणूस. त्यामुळं सरकारी कागदाला पाय लावायचा नसतो, हे दिगंबरला चालता यायच्या आधी कळलेलं. बारावी झाला, परीक्षा दिली, केंद्र सरकारात कारकून लागला. नागपूर, भुवनेश्वर करत करत कोलकात्याला आला तो दोन वर्षांसाठी. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. बंगाली बोलायला तो मासळीच्या बाजारात शिकला आणि वाचायला बसच्या पाट्यांवरून. त्यामुळं हावडा, बेहाला, सियालदह झरझर वाचायचा. बाकीचं बंगाली मात्र अक्षराला अक्षर टेकवत, म्हातारं माणूस जिना चढतं तसं.

सॉल्ट लेकमधल्या त्याच्या कचेरीत लोकांचे तक्रार अर्ज यायचे. रेशन बंद झालं, दाखला मिळंना, कार्डावर नाव चुकलं. अर्ज वाचायचा, ज्या खात्याचा असंल त्या खात्याकडं शेरा मारून धाडायचा, असं काम. त्या वर्षी वरून हुकूम आला की आता अर्ज संगणकातली कृत्रिम बुद्धिमत्ता वाचणार. हातानं लिहिलेला कागद यंत्रात घातला की ती दोन ओळींत सार सांगणार आणि पुढं काय करायचं तेही सुचवणार. तिचं सरकारी नाव 'सहायक'. शेजारच्या टेबलावरचे तरुणबाबू घोषाल तिला 'जामाईबाबू' म्हणायला लागले. बंगाल्यांत जावयाला म्हणतात तसं. येतो, पाटावर बसतो, आणि चुकला तरी त्याला कुणी काही म्हणायचं नाही.

पण हुकमात पुढं असंही होतं की बुद्धिमत्तेवर माणसाची देखरेख पाहिजे. म्हणून आधी तीन दिवसांचं शिबिर झालं. शिकवायला कंपनीकडून मंदार आला. पुण्याचा, संगणक कंपन्यांच्या सेक्टर फाइव्हमध्ये नोकरीला, मराठी मंडळाच्या गणपतीत पावत्या फाडणारा. त्यानं पडद्यावर चित्रं दाखवली. यंत्र कधी कधी ठासून खोटं बोलतं, म्हणाला. त्याला शब्द कळतो पण घर कळत नाही, म्हणाला. म्हणून निर्णयाच्या साखळीत माणूस असलाच पाहिजे.

"साखळीत कोण असतं, दिगंबरदा?" तरुणबाबूंनी कुजबुजत विचारलं.

"कोण?"

"कुत्रा."

शेवटच्या दिवशी वीस प्रश्नांची परीक्षा झाली. 'यंत्राच्या निष्कर्षाबद्दल देखरेख अधिकाऱ्याने प्रथम काय करावे?' याला चार पर्याय होते आणि 'मूळ अर्ज स्वतः वाचावा' हा बरोबर होता. तरुणबाबूंनी उत्तरांची चिठ्ठी जेवणाच्या सुट्टीतच फिरवली होती. दिगंबरनं मात्र चिठ्ठी न बघता पेपर सोडवला आणि त्याला वीसपैकी वीस मिळाले. ज्यांनी चिठ्ठी बघितली त्यांना अठरा, कारण चिठ्ठीत दोन उत्तरं चुकली होती. म्हणून दिगंबर देखरेख अधिकारी झाला. निवृत्तीला पाच महिने राहिले होते.

पहिला आठवडा त्यानं प्रत्येक अर्ज वाचला. बंगाली अर्जाला पाऊण तास लागायचा. दिवसाला नऊ अर्ज झाले. दुसऱ्या आठवड्यात व्हरांड्यात एक पडदा लागला. कुठल्या कचेरीनं आज किती अर्ज निकाली काढले, त्याचा क्रम त्यावर दिसायचा. पूर्व विभागात एकवीस कचेऱ्या, त्यांची एकविसावी. उपसंचालक लाहिरी मॅडम पडद्यापुढं थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि काही न बोलता खोलीत गेल्या. त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या आठवड्यापासून दिगंबर फक्त सार वाचायला लागला. साराखाली एक चौकोन असायचा : 'मी मूळ अर्ज वाचला आहे व सहमत आहे.' त्यात टिचकी मारली की अर्ज निकाली. कचेरी पंधरावी आली, मग आठवी, मग पहिली. मॅडमनी सगळ्यांना संदेश वाटले. सरकारी मिठाई म्हणजे बंगालात संदेशच.

एका रविवारी जेवताना दिगंबरला एक गंमत आठवली.

"अगं शोभा, बेहाल्यात एक बाई हाय. तिच्या घरी तांदूळ आपोआप वाढायलाय म्हणं."

"कुणी सांगितलं?"

"यंत्रानं. रेशन बंद हाय अशी तक्रार केली बाईनं, आन् खाली लिहिलंय घरात तांदूळ वाढता हाय. यंत्र म्हणलं, साठा वाढता, अडचण नाही, निकाली काढा. काढला."

शोभाच्या हातातला भाताचा चमचा तसाच राहिला.

"शब्द काय होता?"

"कसला?"

"बंगाली शब्द काय लिहिला होता तिनं?"

"मी कुठं बघितला?"

"अहो, समोरच्या बंगाली वहिनी वाटी घेऊन दारात येतात तेव्हा काय म्हणतात? घोरे चाल बाडोंतो. चाल म्हणजे तांदूळ, बाडोंतो म्हणजे वाढता. घरात दाणा नसला की म्हणतात तसं. संपलं म्हणू नये म्हणून." तिनं चमचा भांड्यात ठेवला. "तुमच्या आई कुंकवाचा करंडा रिकामा झाला की काय म्हणायच्या?"

दिगंबरला आठवलं. आई म्हणायची, कुंकू वाढलं. मीठ संपलं की मीठ वाढलं. बांगडी फुटली की वाढवली. देवापुढं नारळसुद्धा कधी फोडला नव्हता, वाढवलाच. पोरपणी एकदा तो 'आई, मीठ संपलं' असं ओरडला होता, तेव्हा तिनं लाटणं उगारलं होतं. यंत्राला हे ठाऊक नव्हतं, ते एक वेळ ठीक. त्याला कुणी लाटणं दाखवलं नव्हतं. दिगंबरला ठाऊक होतं. त्यानं फक्त कागद उघडला नव्हता.

"भात घ्या," शोभा म्हणाली.

"नको. झालं."

सोमवारी त्यानं मूळ अर्ज उघडला. पारुलबाला नस्कर, वय एकाहत्तर, बेहाला. रेशनच्या दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून चार महिने धान्य नाही. शेवटच्या ओळीत तो शब्द होता. खात्री करायला त्यानं तरुणबाबूंना वाचायला लावलं. तरुणबाबूंनी वाचलं आणि चष्मा काढला.

"हे तर पाच वर्षांच्या पोरालाही कळतं, दिगंबरदा. जामाईबाबूला बंगाली येत नाही काय?"

"येतंय. लई चांगलं येतंय. बाडोंतो म्हणजे वाढणारं, हे त्याला बरोबर आलं."

निकाली निघालेला अर्ज परत उघडायला यंत्र कारण विचारायचं. कारणं दोनच होती. पर्याय पहिला : 'अर्जदाराकडून नवा अर्ज'. पर्याय दुसरा : 'मानवी चूक'. त्याखाली बारीक अक्षरांत होतं की दुसरा पर्याय निवडल्यास देखरेख अधिकाऱ्यास आपोआप मेमो जाईल व त्याची नोंद सेवापुस्तकात होईल. यंत्राची चूक असा पर्याय नव्हता. दिगंबरनं वरखाली शोधलं. मग मंदारला फोन लावला.

"काका, आधी होता तो पर्याय," मंदार म्हणाला. "दिल्लीच्या बैठकीत काढला. त्यांनी विचारलं, यंत्राची चूक झाली तर मेमो कुणाला बजावायचा? उत्तर कोण देणार? कुणाला सांगता येईना. मग काढला."

"बरं. आता मी काय करू?"

"सोप्पं आहे. आजींकडून नवा अर्ज घ्या, पहिला पर्याय दाबा. कुणाचीच चूक नाही, कुणालाच मेमो नाही. तुमचे दिवस किती राहिले?"

"चार महिने."

"मग कशाला काका डाग लावून घेताय?"

लाहिरी मॅडमनीही तेच सांगितलं, फक्त जास्त सभ्यपणे. गुरुवारी तपासणी आहे. पहिल्या क्रमांकाची कचेरी म्हणून वरचे साहेब येणार आहेत. "आवटेजी, स्वच्छ या, स्वच्छ जा. बाईंचं काम होण्याशी मतलब. नवा अर्ज आणा, मी स्वतः पुढं पाठवते." यात खोटं काहीच नव्हतं. दिगंबरनं अर्धा दिवस रजा टाकली आणि आधी मेट्रो, मग बस असं करत बेहाला गाठलं. मनात म्हणाला, म्हातारीचं काम बी होतंय आन् आपलं बुक बी कोरं राहतंय, ह्यात वाईट काय?

एका पितळी मूर्ती घासायच्या कारखान्यामागं पारुलबालाची खोली. बाहेर यंत्राची घरघर, आत एक पलंग, एक स्टोव्ह. म्हातारी लहानशी, ताठ. सरकारी माणूस म्हटल्यावर तिनं पलंगावरची चादर झटकली आणि बसवलं. नको नको म्हणेपर्यंत चहा ठेवला.

"चिनिओ बाडोंतो, बाबा," ती म्हणाली. साखरही वाढती होती. दिगंबरनं बिनसाखरेचा चहा घेतला.

"माशीमा, एक नवा अर्ज द्या," तो त्याच्या बाजारातल्या बंगालीत म्हणाला. बंगालात परक्या म्हातारीला मावशीच म्हणतात. "तो जुना बंद झालाय."

"बंद कुणी केला?"

"यंत्रानं."

"यंत्राला हात आहेत?"

दिगंबरनं पिशवीतून फॉर्म काढला. फॉर्म नवा होता, त्याच महिन्यात बदललेला. वाचता वाचता तो खालच्या चौकोनाशी अडकला. नव्या अर्जाची पडताळणी अर्जदाराच्या अंगठ्यानं होणार होती. त्याच्या पिशवीत कचेरीनं दिलेलं छोटं यंत्रही होतं. त्यानं ते पलंगावर ठेवलं. म्हातारीनं अंगठा टेकवला. लाल दिवा. पुसून टेकवला. लाल. तेल लावून टेकवला. लाल. दिगंबरनं तिचा अंगठा उजेडात धरून बघितला. पस्तीस वर्षं ती पुढच्याच कारखान्यात पितळ घासत होती. अंगठा परातीच्या बुडासारखा गुळगुळीत, एक रेघ नव्हती.

"तोमार मेशिन आमाके चेने ना," ती म्हणाली. तुझं यंत्र मला ओळखत नाही. ही तक्रार नव्हती. पोस्टमन नवा आहे, असं सांगावं तसं तिनं सांगितलं. "दुकानातलंही नाही ओळखत. म्हणून तर अर्ज लिहिला. तू वाचलास ना तो?"

दिगंबरला खोटं बोलता आलं असतं. टिचकीनं तो रोज बोलतच होता.

"न्हाई," तो म्हणाला. मराठीतच. मग बंगालीत, "ना, माशीमा."

तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. "मग आता वाच," म्हणाली आणि कप विसळायला उठली.

परतीच्या बसमध्ये त्याला बसायला जागा मिळाली तरी तो उभाच राहिला. चौतीस वर्षं एका बाजूला आणि चार महिन्यांचा तांदूळ एका बाजूला, असा हिशेब मांडायचा त्यानं प्रयत्न केला. पण तांदळाच्या बाजूला तांदूळच नव्हता, त्यामुळं तो मांडता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पर्याय दुसरा दाबला. यंत्रानं चुकीचं स्वरूप विचारलं. दिगंबरनं हिंदीत लिहिलं : 'मी अर्ज वाचला नाही.' यंत्र म्हणालं, किमान पन्नास अक्षरं हवीत. त्यानं पुढं लिहिलं : 'तरी वाचला असल्याच्या चौकोनात खूण केली. वाचला असता तर समजला असता.' यंत्राला हे पुरलं. मग त्यानं विचारलं : 'याच प्रकारची अन्य प्रकरणे आहेत काय?' हो किंवा नाही.

तरुणबाबू मागं उभे होते. "नाही दाबा, दिगंबरदा. एक झालं ते झालं. आईच्यान्, नाही दाबा."

"आहेत का नाहीत ते मला कुठं ठाऊक हाय?"

"म्हणूनच तर नाही."

दिगंबरनं 'हो' दाबलं. यंत्रानं त्यानं निकाली काढलेले सगळे अर्ज पुढ्यात टाकले. तीनशे बारा.

गुरुवारी तपासणीला साहेब आले तेव्हा व्हरांड्यातल्या पडद्यावर कचेरी एकोणिसावी होती, कारण निकाली निघालेले तीनशे बारा अर्ज परत उघडले होते. साहेबांनी पडदा बघितला, मॅडमकडं बघितलं, आणि चहा न घेता गेले. मॅडमनी दिगंबरला आत बोलावलं.

"तुम्ही एक दिवस तरी थांबायला हवं होतं."

"मॅडम, बाई चार महिने थांबलीय."

मॅडमनी टेबलावरचा कागद सरळ केला. आधीच सरळ होता. "त्या तीनशे बारांवर तुमच्या सहीखाली माझी सही आहे," त्या म्हणाल्या. "फॉर्ममध्ये माझ्यासाठी पर्याय नाही. मी बघितला."

"मी बी तुमच्यासाठी शोधला, मॅडम. न्हाई सापडला."

त्या पहिल्यांदाच हसल्या, आणि मग हसल्या म्हणून रागावल्या. "जा. वाचायला बसा. घोषालबाबूंना सोबत घ्या. आणि रोज किती झाले ते मला सांगू नका."

दोघं सतरा दिवस वाचत होते. तरुणबाबू मोठ्यानं वाचायचे, दिगंबर यंत्राचं सार ताडून बघायचा. बहुतेक ठिकाणी यंत्र बरोबर होतं, हे सांगितलं पाहिजे. ज्याला माणसाला तासभर लागला असता ते त्यानं क्षणात नीट सांगितलं होतं. पण पारुलबालाचा धरून पाच अर्जांत तोच शब्द होता, पाची घरांत चूल थंड. आणखी एका अर्जात बाईनं लिहिलं होतं की नवरा 'निघून गेला', म्हणजे वारला. यंत्रानं सुचवलं होतं की पोलिसात बेपत्ता नोंद करा. त्या बाईला तसं पत्रही गेलं होतं.  ते वाचल्यापासून तरुणबाबूंनी यंत्राला जामाईबाबू म्हणणं सोडलं.

पारुलबालाचा अर्ज शेऱ्यासकट पुढं गेला. शेरा दिगंबरनं स्वतः लिहिला : 'अर्जदाराचा अंगठा कामात झिजलेला आहे. बुबुळ तपासून अथवा वहीवर सही घेऊन धान्य द्यावे. घरात तांदूळ नाही.' शेवटचं वाक्य त्यानं मुद्दाम सरळ लिहिलं. अकराव्या दिवशी दुकानदारानं वहीवर तिची सही घेऊन धान्य दिलं. सही येत होती तिला. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मॅडमनी दिल्लीला लिहिलं की तिसरा पर्याय हवा, यंत्राची चूक असा, आणि अंगठ्याशिवाय अर्ज घेता यावा. उत्तर आलं की सूचना विचाराधीन आहे. उत्तराची भाषा इतकी गोड होती की ते कुणी लिहिलं असंल याबद्दल कचेरीत दोन तट पडले.

मेमो आला. सहा प्रकरणं, एकच मेमो. दिगंबरनं उत्तर दिलं, ते एका पानाचं होतं आणि त्यात कारण असं काही नव्हतं. घरी सांगितलं तेव्हा शोभा ताटं पुसत होती.

"लाल शाई लागणार म्हणायची," दिगंबर म्हणाला.

"लागू दे."

"मंडळात काय सांगशील?"

"मी आता दुसरं काही सांगेन. माणसाला एकच विषय असतो का?" असं म्हणाली खरी, पण पुढच्या दोन हळदीकुंकवांना ती गेली नाही.

फेब्रुवारीत आदेश निघाला : ताकीद, सेवापुस्तकात नोंद. आस्थापनेचं कामही तरुणबाबूंकडंच असायचं, त्यांनीच तो पुढं सरकवला, सहीसाठी. दिगंबरनं चष्मा लावला आणि पहिल्यापासून वाचायला घेतला. दुसऱ्या ओळीतच थांबला. बंगाली माणसाच्या तोंडी आणि हाती 'व'चा 'ब' होतो. आदेशात लिहिलं होतं : श्री. दिगंबर आबटे.

"हे माझं नाव न्हाई," तो म्हणाला.

तरुणबाबूंनी कागद ओढून बघितला. त्यांचा चेहरा खुलला. आजूबाजूला बघून ते खाली वाकले. "दिगंबरदा, गप्प सही करा. उद्या कुणी विचारलं तर ताकीद आबटेला मिळाली. आपल्याकडं आबटे नावाचा माणूसच नाही. तुमचं बुक कोरं ते कोरंच. मी तीस वर्षं आस्थापनेत काढलीत, असल्या चुकीवर माणसं बढती घेऊन गेलीत!"

दिगंबरनं पेनाचं टोपण काढलं. 'ब'खाली रेघ मारली, बाजूला 'व' लिहिलं आणि कागद परत सरकवला.

"नीट टाइप करून आणा," तो म्हणाला. "मी बसतो तोवर."

 तरुणबाबू कागद घेऊन गेले. टाइप करायला वीस मिनिटं लागली, कारण मधे वीज गेली. दिगंबर बसून होता. नवा कागद आला, त्यानं तो पहिल्यापासून वाचला, नाव बरोबर होतं. मग सही केली.